'ट्वेंटी ऑड पीपल' : वीस तर सम संख्या, मग ऑड कशी? स्पेलिंग, उच्चार, अर्थ सगळंच सांगा

भाषांतर_चालू :

नमस्कार मंडळी. मी इंग्रजीतून मराठीत भाषांतराची कामं करते. सध्या एक मोठा अहवाल हातात आहे आणि त्यात जागोजागी 'ट्वेंटी ऑड पीपल', 'थर्टी-ऑड इयर्स', 'अ हंड्रेड ऑड पेजेस' असं येतंय. आकडा अंदाजे सांगायचाय एवढं संदर्भावरून कळतं, पण नेमका किती अंदाजे, म्हणजे वीसपेक्षा कमी पण चालतील का फक्त जास्तच, हे काही केल्या समजत नाहीये. आणि मुळात शाळेपासून आपण ऑड म्हणजे विषम आणि इव्हन म्हणजे सम असंच शिकलोय, वीस तर चक्क सम आहे, मग वीसला ऑड का म्हणायचं? दुसरा अर्थ विचित्र, तो घेतला तर 'वीस विचित्र माणसं' होतं आणि अहवालात तसं नक्कीच म्हणायचं नसणार.

अजून एक म्हणजे स्पेलिंग. एकाच अहवालात कुठे मधे हायफन आहे कुठे नाही, कुठे अंकात २० लिहून पुढे ऑड आहे तर कुठे अक्षरात. बरोबर कोणतं? आणि हे मोठ्याने वाचताना कसं म्हणायचं, कारण पुढे याचंच वाचन रेकॉर्ड होणार आहे आणि काही इंग्रजी वाक्यं तशीच ठेवायची आहेत. ज्यांना माहितीये त्यांनी जरा सविस्तर सांगा, घाई नाही.

रात्रीचा_वाचक :

'वीसेक माणसं' लिहा. मराठीत याहून सोपं काही नाही.

शब्दवेल्हाळ :

'वीसेक'वर नंतर बोलू, त्यात एक अडचण आहे. आधी ऑड वीसला का चिकटतो ते सांगते, कारण ते एकदा कळलं की बाकीचे अर्थ पाठ करावे लागत नाहीत.

हा शब्द मूळ इंग्रजीतला नाही, जुन्या नॉर्स भाषेतून आलाय. तिथे 'ओड्डी' म्हणजे टोक, जमिनीचा पुढे आलेला सुळका, आणि त्यावरून त्रिकोण. त्रिकोणाला तीन टोकं, त्यातली दोन एकमेकांसमोर बसली की तिसरं एकटं राहतं. तिथून 'जोडीला न बसणारा तिसरा' असा अर्थ झाला आणि मग विषम संख्या. नॉर्समधे 'ओड्डामाद्र' म्हणजे तिसरा माणूस, दोघांचं एकमत झालं नाही तर ज्याचं मत निर्णायक धरायचं तो. म्हणजे ऑडच्या पोटात मुळात 'विषम' नाही, 'जोडी लागल्यावर जो उरला तो' हे आहे. आपल्याकडे एकी-बेकी खेळतात ना, मूठभर चिंचोके घ्यायचे, दोन दोन बाजूला काढायचे आणि शेवटी एक उरला तर एकी, तसंच.

आता वीस ऑडकडे या. वीसची पूर्ण मोजणी झाली आणि वर काही उरलं, ते उरलेलं म्हणजे ऑड. वीस ही संख्या ऑड नाहीच, वीसच्या वरचे जे सुटे आहेत ते ऑड आहेत. म्हणून वीस सम असून काही बिघडत नाही, आणि उरलेले दोन असले काय किंवा तीन असले काय त्यानेही फरक पडत नाही. बावीस लोकांनापण ट्वेंटी-ऑड म्हणतात, बावीस सम असूनसुद्धा.

विचित्र हा अर्थ बराच नंतरचा, साधारण सोळाव्या शतकाच्या शेवटी रुळला. जो जोडीत बसत नाही तो वेगळा दिसतो, वेगळा दिसतो म्हणून विचित्र, असा तो प्रवास. एकदा हा धागा हातात आला की 'ऑड सॉक' म्हणजे जोडीतला दुसरा हरवलेला मोजा, 'ऑड वन आउट' म्हणजे गटात न बसणारा, 'ऑड जॉब्स' म्हणजे ठरलेल्या कामाबाहेरची सुटी किरकोळ कामं, 'ऑड्स अँड एंड्स' म्हणजे उरलंसुरलं सामान, सगळं आपोआप लागतं. मला हा शब्द फार आवडतो, एवढ्या छोट्या शब्दात 'उरणं' किती बाजूंनी भरलंय बघा.

गणित_मास्तरीण :

शब्दवेल्हाळ ताईंनी मूळ फार छान सांगितलं. आता 'वीसेक' का पूर्ण बसत नाही ते सांगते, कारण भाषांतरात नेमका इथेच आकडा घसरतो.

'वीसेक' दोन्हीकडे झुकतं. अठरा असले तरी वीसेक, बावीस असले तरी वीसेक. ट्वेंटी-ऑड मात्र वरच्याच दिशेने जातं, कारण त्यात 'वर उरलेले' आहेत. म्हणजे एकवीसपासून पुढे, आणि तीस व्हायच्या आत. थर्टी-ऑड म्हणजे एकतीस ते एकोणचाळीसच्या मधलं काहीतरी, फिफ्टी-ऑड म्हणजे एक्कावन्न ते एकोणसाठ. सत्तावीस-अठ्ठावीस असतील तर माणसं सहसा 'नियरली थर्टी' म्हणतात, त्यामुळे बोलणाऱ्याच्या मनात बहुतेकदा खालचा अर्धा भाग असतो. पण तो नियम नाही, कल आहे.

मराठीत याच्या जवळ जाणारं हवं असेल तर 'वीस-बावीस', 'विसाच्या वर', 'वीसहून थोडे जास्त'. यातलं कुठलं घ्यायचं ते वाक्य बघून ठरवा. बोलण्याचा भाग असेल तर वीस-बावीस एकदम सहज वाटतं, अहवालाच्या भाषेत 'वीसहून अधिक' बरं, फक्त 'अधिक'मधे वरची मर्यादा राहत नाही, ते पन्नासपण असू शकतात, म्हणून मी 'वीसहून थोडे अधिक' लिहीन.

आणि हे कुठल्याही आकड्याला लावता येत नाही हे लक्षात ठेवा. गोल आकडा हवा. ट्वेंटी-ऑड, सिक्स्टी-ऑड, अ हंड्रेड-ऑड चालतं. 'ट्वेंटी-थ्री-ऑड' विचित्र वाटतं कारण तेवीस म्हटलं की तुम्ही नेमकं मोजलंत, मग अंदाज कशाला. हां, किलोमीटर किंवा तासांसारखं माप असेल तर लहान आकड्यालापण लावतात, 'थ्री-ऑड माइल्स', कारण तिथे तीनच्या वर अर्धा पाव असं काहीतरी उरू शकतं. माणसं अर्धी उरत नाहीत म्हणून 'थ्री-ऑड पीपल' कुणी म्हणत नाही.

मोठ्या आकड्यात जागा फार महत्त्वाची, इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या. 'ट्वेंटी-ऑड थाउजंड' आणि 'ट्वेंटी थाउजंड-ऑड' दिसायला सारखे पण वेगळे. पहिल्यात ऑड वीसला लागलंय, म्हणजे वीसच्या वर काही हजार, एकवीस हजार, तेवीस हजार, अगदी अठ्ठावीस हजारसुद्धा. दुसऱ्यात वीस हजार पूर्ण झाले आणि वर किरकोळ, म्हणजे काही शे. फरक हजारोंचा पडू शकतो. अहवालात असं काही असेल तर ऑडच्या लगेच आधी कोणता शब्द आहे तो बघा, त्याचेच सुटे वर उरलेत.

मुद्रितशोधक :

हायफनबद्दल मी लिहितो, माझं रोजचं काम आहे.

स्पेलिंग साधं, ओ डी डी, दोन डी. आकड्याशी जोडताना मधे हायफन द्यायचा, आकडा अक्षरात असो की अंकात. २०-ऑड, ट्वेंटी-ऑड, दोन्ही बरोबर, एका मजकुरात एकच पद्धत ठेवा एवढंच. वाक्याची सुरुवात असेल तर अक्षरात लिहा, अंकाने वाक्य सुरू करू नये हा इंग्रजीत बऱ्यापैकी पाळला जाणारा संकेत आहे. जुन्या छपाईत हायफन नसलेलं भरपूर सापडेल, त्यामुळे हायफन नाही म्हणजे लिहिणाऱ्याला इंग्रजी येत नाही असं समजू नका. पण आज लिहिताना द्यावा, कारण तो नसेल तर वाचणाऱ्याला दोन अर्थ दिसतात आणि थांबून ठरवावं लागतं. 'ट्वेंटी-ऑड पीपल' म्हणजे वीसच्या वर माणसं. 'ट्वेंटी ऑड पीपल' म्हणजे बरोबर वीस माणसं आणि ती वीसही चमत्कारिक, असा अर्थ काढला तर व्याकरण आड येत नाही.

याहून भारी एक जागा आहे, ती मी नवीन आलेल्या मुलामुलींना नेहमी दाखवतो. ट्वेंटी, ऑड, नंबर्ड, पेजेस असे चार शब्द घ्या. हायफन ट्वेंटी आणि ऑडच्या मधे टाकला तर 'ट्वेंटी-ऑड नंबर्ड पेजेस', म्हणजे वीसच्या वर पानं, ज्यांच्यावर क्रमांक घातलेत. तोच हायफन एक घर पुढे सरकवला, ऑड आणि नंबर्डच्या मधे, तर 'ट्वेंटी ऑड-नंबर्ड पेजेस', म्हणजे मोजून वीस पानं आणि त्यांचे क्रमांक विषम. शब्द तेच, क्रम तोच, एक आडवी रेघ सरकली आणि पानांची संख्या पण बदलली, जात पण बदलली. छपाईत हे चुकलं तर कागदाचा हिशोब चुकतो, म्हणून मी यावर एवढा अडून बसतो.

टाइप करताना अजून एक. ओळीच्या शेवटी हायफन आला की 'ट्वेंटी-' वरच्या ओळीत राहतो आणि 'ऑड पीपल' खालच्या ओळीच्या सुरुवातीला जातं, वाचणारा तिथे 'विचित्र माणसं' असंच वाचणार. वर्डमधे कंट्रोल, शिफ्ट आणि हायफन एकत्र दाबलं की न तुटणारा हायफन पडतो, तो वापरा म्हणजे दोन्ही भाग एकाच ओळीत राहतील.

आणि लांबलचक आकड्यात, म्हणजे दोनशे पन्नास वगैरे अक्षरात लिहिताना 'टू हंड्रेड अँड फिफ्टी-ऑड', फक्त शेवटच्या शब्दाला हायफन. सगळीकडे हायफनची माळ लावायची नाही.

भाषांतर_चालू :

बापरे, एवढं सगळं या तीन अक्षरांत! खूप खूप आभार. ट्वेंटी-ऑड थाउजंडची भानगड माझ्या अहवालात खरंच दोन ठिकाणी आहे, आधी त्याच बघते. उच्चाराबद्दल कुणी सांगेल का? आणि 'सेव्हनिश' असं पण एकदा आलंय, ते ऑडसारखंच का?

कानाने_शिका :

उच्चारावर मी. लिहून समजावणं अवघड आहे पण बघू.

स्वर 'ऑ', पण आपण ऑफिस, डॉक्टर म्हणताना जो ताणतो तेवढा लांब नाही. ब्रिटिश बोलण्यात तो आखूड असतो, ओठ थोडे गोल करून झटकन म्हणायचा. अमेरिकन बोलण्यात ओठ गोल होत नाहीत, तोंड उघडं राहतं आणि ऐकताना जवळजवळ 'आड' वाटतं. दोन्ही बरोबर, फक्त एका रेकॉर्डिंगमधे एकच ठेवा. 'ओड' म्हणू नका, तो वेगळा शब्द आहे, एक प्रकारची कविता. 'ॲड' पण नको, ते बेरीज करणं, आणि आकड्याच्या शेजारी ॲड ऐकू आलं तर ऐकणारा खरंच काहीतरी मिळवायला बसेल.

स्पेलिंगमधे डी दोन असले तरी आवाज एकच. 'ऑड्ड' असं दाबून म्हणायचं नाही. आपला ड म्हणताना जीभ मागे वळते, इंग्रजीतला डी जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागच्या उंचवट्याला टेकवून येतो. हे जमलं तर छान, नाही जमलं तर अर्थ काही बदलत नाही, त्यावर वेळ घालवू नका.

खरा अर्थ ठरतो तो आघातावर. अंदाजाच्या अर्थाने म्हणताना ऑड हलका, मागच्या आकड्याला चिकटलेला, आणि जोर पुढच्या नामावर. म्हणजे 'ट्वेंटीऑड' एका दमात आणि मग 'पीपल'. विचित्र या अर्थाने म्हणायचं असेल तर ट्वेंटीनंतर किंचित थांबा आणि ऑडवर जोर, 'ट्वेंटी, ऑड पीपल'. कागदावर हायफन जे काम करतो तेच काम बोलताना हा आघात करतो. मोठ्याने दोन्ही दोन-तीनदा म्हणून बघा, लगेच फरक जाणवेल.

चिकटवून म्हणताना मधे हलकासा य येतो, ट्वेंटी-यॉड, थर्टी-यॉड असं काहीसं. तो मुद्दाम आणू नका, भरभर म्हटलं की आपोआप येतो. हंड्रेडला तर डी सरळ पुढच्या स्वरात मिसळतो, 'हंड्रेडॉड'. अमेरिकन लोक ट्वेंटीतला ट बऱ्याचदा गिळतात, 'ट्वेनी-ऑड' ऐकू येतं.

ऐकताना एक फायदा पण आहे. थर्टी आणि थर्टीन, फोर्टी आणि फोर्टीन यात आपला नेहमी गोंधळ होतो ना, पुढे ऑड ऐकू आलं की जवळजवळ खात्रीने थर्टी, फोर्टी समजा, कारण गणित_मास्तरीण म्हणाल्या तसं ते गोल आकड्यालाच लागतं.

शेवटचा_बाक :

मी थोडा वेगळा सूर लावतो. फक्त वरच्याच दिशेने जातं हे इतकं ठाम नका धरू. मेरियम-वेबस्टर 'सांगितलेल्या आकड्याहून काहीसं जास्त' असा अर्थ देतो हे खरं, पण ऑक्सफर्डचा शिकणाऱ्यांसाठीचा कोश 'अंदाजे किंवा थोडं जास्त' असे दोन्ही देतो. रोजच्या बोलण्यात कुणी 'फोर्टी-ऑड चेअर्स' म्हटलं आणि मोजल्यावर एकोणचाळीस निघाल्या तर कुणी त्याला खोटारडा म्हणणार नाही. त्यामुळे बोलण्याचं भाषांतर असेल तर 'चाळीसेक' सुद्धा चालेल असं माझं मत.

गणित_मास्तरीण :

@शेवटचा_बाक, मान्य, बोलताना सैल वापर होतोच. पण एकोणचाळीस ठीक, छत्तीस निघाल्या तर ऐकणाऱ्याला खटकेल, आणि 'चाळीसेक'मधे छत्तीस-सदतीस बिनदिक्कत बसतात. माझा आग्रह एवढाच की लेखी कामात वरची दिशा धरावी, कारण दोन्ही कोशांना समान असलेला अर्थ तोच आहे. संवाद असेल, कुणाच्या तोंडचं वाक्य असेल, तिथे तुमचं 'चाळीसेक' मलापण जास्त नैसर्गिक वाटतं.

शब्दवेल्हाळ :

सेव्हनिशचं सांगते. ते ऑडसारखं नाही. 'इश' दोन्हीकडे झुकतं, सातला पाच कमी असोत नाहीतर सात वाजून दहा झालेले असोत. म्हणजे आपल्या 'वीसेक'चा खरा भाऊ ऑड नाही, इश आहे. आणि वेळ सांगायला इश चालतं, ऑड चालत नाही. 'ॲट सेव्हन-ऑड' असं कुणी म्हणत नाही. 'सातच्या सुमारास' म्हणायचं असेल तर सेव्हनिश. वयालाही लावतात, सिक्स्टीइश. बोलीभाषेतलं आहे, औपचारिक अहवालात आलं असेल तर बहुतेक कुणाचं तरी बोलणं जसंच्या तसं उतरवलेलं असणार.

याच घरातले आणखी काही आहेत, तुमच्या अहवालात येतीलच. 'सम ट्वेंटी पीपल', इथे सम म्हणजे 'काही' नाही, 'सुमारे'. उच्चारातही फरक आहे, 'काही' या अर्थाने सम बहुतेकदा घाईत 'स्म' असं होतं, सुमारे या अर्थाने पूर्ण 'सम' म्हणतात. कधी कधी 'सम ट्वेंटी-ऑड' असं दोन्ही एकदम वापरतात, मराठीत 'सुमारे वीस-बावीस' असं आपणही म्हणतो तसं, त्यात एक 'सुमारे' जास्तीचा आहे पण बोलण्यात खपतो. अमेरिकेत 'ट्वेंटी-सम पीपल' असंही, अर्थ ट्वेंटी-ऑडचाच. 'ट्वेंटी-समथिंग' मात्र वयासाठी, विशीतला किंवा विशीतली. 'ट्वेंटी ऑर सो' म्हणजे वीसेक, दोन्हीकडे. 'गिव्ह ऑर टेक' म्हणजे थोडं इकडे थोडं तिकडे, आणि पुढे आकडा दिला, 'ट्वेंटी, गिव्ह ऑर टेक टू', की मर्यादा ठरली, अठरा ते बावीस. 'अपवर्ड्स ऑफ ट्वेंटी' म्हणजे वीसच्या वर, किती वर ते उघडं.

'सर्का' हा मुख्यतः सनांसाठी. लॅटिनमधून आलाय, अर्थ आसपास. पहिला सी 'स' आणि दुसरा 'क', म्हणून सर्का, 'किर्का' नाही. लिहिताना नुसता सी आणि टिंब, किंवा सी-ए आणि टिंब असं छोटं रूप देतात. मराठी विश्वकोशात सनाच्या आधी 'सु.' दिसतं ना, सुमारे या अर्थाने, तेच काम. जन्ममृत्यूच्या सनाला ऑड लावायचं नाही, तिथे सर्काच.

आणि 'अम्प्टीन' कुठे आलं तर त्याला अंदाज समजू नका. त्यात आकडा नाहीच, वैताग आहे. 'अम्प्टीन टाइम्स' म्हणजे छप्पन्न वेळा. छप्पन्न वेळा सांगितलं म्हणताना आपण कुठे छप्पन्न मोजलेले असतात.

जुने_कागद :

जुन्या वापराबद्दल थोडं, कारण वरची दिशा किती जुनी आहे ते त्यातून दिसतं. आधी इंग्रजीत मधे 'अँड' घालत, 'ट्वेंटी अँड ऑड', म्हणजे वीस आणि वर काही. 'अँड' असताना 'उरलेले' हा अर्थ अगदी उघडा दिसतो, पुढे तो गळला आणि हायफन आला.

याचं एक उदाहरण इतिहासात फार प्रसिद्ध आहे. १६१९ साली व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर एका जहाजातून आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांना उतरवलं गेलं. जॉन रोल्फ या वसाहतकाराने नंतर पत्रात त्यांची संख्या लिहिली ती अशी, २० अँड ऑड. अन्नधान्याच्या बदल्यात त्यांचा सौदा झाला हेही त्याच पत्रात आहे. इतिहासाची पुस्तकं आजही ते शब्द तसेच देतात, कारण नेमका आकडा त्या वाक्यात नाहीच. जिवंत माणसं, प्रत्येकाला नाव असणार, आणि कागदावर वीसच्या पुढचे सगळे 'ऑड'मधे गेले. हे वाक्य मराठीत आणायची वेळ आली तर मी 'वीसेक' कधीच लिहिणार नाही, 'वीस आणि आणखी काही' असंच लिहीन. तिथे ते 'आणखी काही' गाळायचा आपल्याला अधिकार नाही.

भाषांतर_चालू :

@जुने_कागद, हे वाचून थांबले जरा. धन्यवाद हे इथे लिहिल्याबद्दल.

आता माझी वाक्यं टाकते, कुणी नजर घाला. 'थर्टी-ऑड ॲप्लिकंट्स वेअर इंटरव्ह्यूड' याचं 'तीसहून थोड्या अधिक अर्जदारांच्या मुलाखती झाल्या'. 'ही हॅज वर्क्ड हिअर फॉर ट्वेंटी-ऑड इयर्स' याचं 'वीस-बावीस वर्षं ते इथे काम करतायत', हे एका कर्मचाऱ्याच्या तोंडी आहे. आणि तिसरं मला अडलंय, 'वी फाउंड दि ऑड एरर इन ट्वेंटी-ऑड फाइल्स'. यात दोन ऑड आहेत!

मुद्रितशोधक :

पहिली दोन अगदी बरोबर, हात लावू नका.

तिसऱ्यात पहिला ऑड वेगळा आहे. आकडा नाही, आधी 'दि' आहे आणि पुढे एकवचनी नाम. 'दि ऑड एरर' म्हणजे अधूनमधून एखादी चूक, तुरळक. विचित्र चूक नव्हे, आणि एकच चूक असंही नव्हे. विचित्र चूक म्हणायची असती तर 'ॲन ऑड एरर' असतं. दुसरा ऑड नेहमीचा. म्हणून 'विसाहून थोड्या अधिक फायलींमध्ये कुठे कुठे एखादी चूक सापडली'.

एक शंका मात्र आहे. 'इन' म्हटलंय म्हणून विसाहून अधिक फायली तपासल्या आणि त्यातल्या काहींत चुका निघाल्या, का चुका निघालेल्या फायलीच विसाहून अधिक होत्या? वाक्यावरून मला पहिलं वाटतं, पण मागचा परिच्छेद बघून घ्या. आणि अहवालात पुढे कुठे तक्ता असेल तर त्यात नेमका आकडा दिलेला असण्याची शक्यता आहे.

भाषांतर_चालू :

तक्ता आहे! तपासलेल्या फायली २३, चूक असलेल्या ४. म्हणजे तुम्ही म्हणता तसं पहिलंच. मग भाषांतरात सरळ तेवीस लिहू का?

गणित_मास्तरीण :

नको. लेखकाने मजकुरात अंदाज ठेवलाय तर तुम्हीही अंदाजच ठेवा, तेवीस तक्त्यात आहेच, तिथे तो अंकात येईल. फक्त तुमचा अंदाज तक्त्याशी भांडत नाही ना एवढं बघा. 'विसाहून थोड्या अधिक' आणि २३, जुळतंय. ते ट्वेंटी-ऑड थाउजंडवालं वाक्यही असंच तक्त्याशी ताडून घ्या, तिथे तेवीस हजार असेल आणि तुम्ही 'वीस हजारांहून थोडे अधिक' लिहिलं तर वाचणारा वीस हजार दोनशे समजेल. तिथे 'वीस हजारांवर आणखी काही हजार' असं मोकळं लिहा.

भाषांतर_चालू :

बघितलं, एका ठिकाणी २४ हजार आहेत आणि दुसऱ्या ठिकाणी ऑड हजारच्या नंतर आहे, तिथे २० हजार ३००. दोन्ही वेगवेगळी लिहिते. रेकॉर्डिंग करणाऱ्यांनाही आघाताचं कळवते, त्यांच्यासाठी त्या वाक्यांत नामाखाली रेघ ओढून ठेवते.